तुझ्या दाढेतला चौथा कॅनाल

कल्पना, आज सकाळी रामकुंडावर तुझी दाढ माझ्या मुठीत होती.

तुझ्या अस्थींच्या कलशातून ती निघाली. गुरुजींनी लाल फडकं सोडलं, राख ताम्हनात काढली, आणि तुझ्या मोठ्या दिरांना त्यात काहीतरी चमकलेलं दिसलं. तुला नेताना तोंडात सोन्याचा मणी ठेवला होता, तोच हा असं समजून त्यांनी तो तुकडा उचलला, उपरण्याला पुसला आणि प्रकाशरावांच्या हातावर ठेवला. प्रकाशरावांनी तो बोटांत फिरवून पाहिला. दातांच्या डॉक्टरणीबरोबर एवढा संसार केलेला माणूस तो, त्यांना लगेच कळलं. "दादा, सोनं नाही हे. हिच्या दाढेची टोपी आहे," असं म्हणून ते मला शोधत गर्दीत आले. "ताई, हे तुमचं काम ना? बघा. सोडायची का पाण्यात?"

टोपी काळवंडली होती, फक्त एका कडेला चकाकत होती. तिच्याखाली राखाडी, भाजून हलकी झालेली दाढ आणि दाढेची तीन मुळं. त्यातलं गालाकडचं पुढचं मूळ उभं चिरलं होतं. नुसतं नख लावलं असतं तर दोन फाका झाल्या असत्या आणि आतलं सगळं दिसलं असतं. मी मूठ मिटली आणि म्हटलं, "थोडा वेळ राहू द्या माझ्याकडे."

ते बरं म्हणाले आणि पिंडांकडे वळले. त्यांना वाटलं असेल, मैत्रिणीची आठवण म्हणून धरून बसली आहे. तुला मात्र त्या मुठीत काय आहे ते बरोबर कळलं असतं. त्या चिरलेल्या मुळात कॅनाल एक होता की दोन, हा आपला राहिलेला हिशेब होता.

तुला समजावण्याची गरज नाही, पण हे दुसरं कोणी वाचेल म्हणून सांगते. दाताची नस मुळातल्या ज्या बारीक बोगद्यातून जाते, तो कॅनाल. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात, म्हणून शिकताना आधी तीन कॅनाल पाठ होतात. पण गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा आणखी एक असतो, केसासारखा, पहिल्याच्या आडोशाला दडलेला. तो साफ करायचा राहिला की वरून कितीही देखणी टोपी बसवा, दाढ आतून सडत राहू शकते. तुझ्या दाढेचं रूट कॅनाल मी केलं होतं. मला तीन सापडले.

तू गेल्यापासून लोक मला भेटायला येतात आणि म्हणतात, "तुमची जिवाभावाची मैत्रीण गेली." खरं आहे ते. पण खरं असूनही ते ऐकताना मला थोडं खोटं बोलल्यासारखं वाटतं, कारण ज्या भावनेने मी तुझ्यासोबत एवढी वर्षं काढली तिचं पहिलं नाव हेवा आहे. मैत्री तिच्या मागून आली. आज घाटावरसुद्धा तेच झालं. तुझे पेशंट आले होते. बसने, जीपने, मोटरसायकलवरून आले होते. एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी येऊन गालावर बोट ठेवून म्हणाले, "ही मॅडमनी केलेली. अजून ऊस सोलतो हिच्यानं." त्यांच्या मागे एक बाई उभी होती, तिचंही बोट गालावर. माणसं रडत होती आणि आपापल्या दाढा दाखवत होती. मी मेले तर घाटावर किती बोटं गालावर जातील, हा विचार माझ्या मनात आला. तुझ्या दहाव्याला, तुझी दाढ मुठीत धरून, मी हा विचार केला.

तू कॉलेजात आलीस तेव्हा देवळ्याची एक पोरगी, एवढीच तुझी ओळख होती. मी नाशिकचीच, गुणवत्ता यादीतली, सगळ्या शिक्षकांची लाडकी. रूट कॅनाल शिकायला काढलेल्या दाढा लागतात. त्या जमवण्यासाठी आम्ही सगळे दवाखान्यांचे उंबरे झिजवत होतो, आणि तू सुट्टीवरून परत आलीस ती लोणच्याची बरणी भरून दाढा घेऊन. तालुक्याला दातांचं शिबिर झालं होतं, तिथे दोन दिवस राबून तू त्या मागून आणल्या होत्यास. "कांद्याच्या गाडीत बसून आल्यात, वास येईल थोडा," असं तू सांगितलंस. मी त्यातल्या चार घेतल्या आणि मनात म्हटलं, बरणी भरून आणल्या तरी परीक्षा पुस्तकावरच होणार आहे.

पण तू त्या दाढांना पुस्तकासारखं वापरलंच नाहीस. त्यांत शाई भरलीस, आम्लात ठेवून मऊ केल्यास, अल्कोहोलमधून काढल्यास आणि विंटरग्रीनच्या तेलात बुडवल्यास. तेलात गेल्यावर त्या काचेसारख्या आरपार झाल्या. आत फक्त निळी शाई, नस जिथून जिथून गेली होती तिथे तिथे. साऱ्या होस्टेलला कंबरदुखीच्या मलमाचा वास. तू त्या बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्यास आणि मला बोलावलंस. एका दाढेत दोन वाटा वर वेगळ्या निघून खाली एक झाल्या होत्या. एकीत एकच वाट मध्येच फुटून तिच्या दोन झाल्या होत्या. खालच्या एका दुसऱ्या नंबरच्या दाढेत तर कॅनाल असे वेगळे नव्हतेच, घोड्याच्या नालेसारखी एक निळी फट सगळ्या मुळातून वळत गेली होती. खालच्या पहिल्या दाढेला जिभेच्या बाजूला तिसरंच एक वाकडं मूळ, त्यात त्याचा स्वतःचा कॅनाल. मी पुस्तकातली आकृती आठवत एकेक बाटली पाहत होते आणि एकही जुळत नव्हती.

"पुस्तकातली दाढ कोणाच्याच तोंडात नसते गं मधू," तू म्हणालीस.

सरांनी तुझ्या बाटल्या विभागाच्या कपाटात लावल्या. माझ्या आकृत्या सुबक असतात, असं ते दरवर्षी सांगायचे. त्या वर्षी सांगितलं नाही. मी तुझं कौतुक केलं, तुला चहा पाजला आणि घरी जाऊन उशी दाताखाली धरून झोपले.

पुढे दोघींनी मिळून कॉलेज रोडला क्लिनिक काढलं. लोक विचारायचे, एवढी घट्ट मैत्री कशी टिकली. आता सांगायला हरकत नाही. मला तुला नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं. तू दुसरीकडे दवाखाना टाकला असतास तर तिथे तू काय काय शोधते आहेस याची कल्पना करूनच मी झुरले असते. एका छपराखाली निदान कळत तरी होतं. दोन खुर्च्या आणि मध्ये प्लायवुडची भिंत. त्या भिंतीपलीकडून तुझा आवाज यायचा, "काका, आ करा. लय मोठा नका करू, जबडा धरंल." मग बराच वेळ शांतता. आणि मग तू हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचीस, "सापडला."

तो शब्द मी किती वेळा ऐकला असेल. माझ्या पेशंटच्या तोंडात मी हात घातलेला असायचा आणि पलीकडून "सापडला" आलं की माझा हात तेवढ्यापुरता थांबायचा. तुला ते माहीत होतं. दुपारी डबा खाताना तू विचारायचीस, "आज कुठे थांबलीस?"

तू शोधायचीस कसं, हे मी तुझ्या मागे उभं राहून शिकायचा प्रयत्न केला. दाढेच्या आतली जमीन, म्हणजे पोकळीचा तळ, सगळी एका रंगाची नसते, तू सांगायचीस. कडेने काळसर रेघ जाते, त्या रेघेच्या टोकाला बघ. औषधाचा थेंब टाक आणि वाट पाहा, बुडबुडा कुठून येतो ते बघ. हे मी सगळं केलं. माझ्या जमिनीवर रेघा असायच्या, बुडबुडेही यायचे, आणि कॅनाल तीनच निघायचे. मी तुला म्हणायचे, उगाच खोदत बसू नये, एक दिवस जमीन फुटेल. तीन नीट केले की पुष्कळ झालं, चौथा असलाच तरी सगळ्यांचा दुखत नाही. तू म्हणायचीस, दुखत नाही म्हणजे नाही असं नाही. आपलं हे भांडण कधीच मिटलं नाही. कोणी शिकाऊ डॉक्टर समोर आला की आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो, आणि तो बिचारा डबा गार होईपर्यंत ऐकत बसायचा.

तुझं एक वाक्य मात्र मला लागायचं. मी पेशंटच्या कागदावर लिहायचे, चौथा नाही. तू ते वाचून म्हणायचीस, "सापडला नाही म्हण. नाही म्हणू नकोस."

तुझे आजोबा पाणाडी होते, गावोगाव विहिरीची जागा दाखवायचे, हे मला कळलं तेव्हा मला बरंच हायसं वाटलं. म्हणजे हे रक्तातलं आहे, कष्टाचं नाही, अशी मी स्वतःची समजूत काढली. पेशंटमध्ये मीच ते पसरवलं. लोक तुला "पाणाडी मॅडम" म्हणायला लागले. तू हसून सांगायचीस, "आजोबांच्या निम्म्या विहिरी कोरड्या निघाल्यात. गावात अजून शिव्या देतात लोक." ते ऐकून लोक तुझ्यावर आणखीच प्रेम करायचे. तुझी उणीवसुद्धा तुला शोभून दिसायची.

निफाडचे ते द्राक्षबागायतदार आठवतात? त्यांची दाढ मी केली होती. टोपी बसवली, पेशंट खूश, आणि ऐन खुडणीत तोंड सुजवून परत. "बाग खुडायला आलीय मॅडम, अन् मला आ सुद्धा होत नाय." मी औषधं दिली. सूज गेली, पुन्हा आली. शेवटी तूच म्हणालीस, इकडे पाठव. मी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकत होते. बराच वेळ काही नाही. मग "सापडला." पुढच्या आठवड्यात द्राक्षांची पेटी आली, पेटीवर तुझं नाव. तू ती न फोडता माझ्या टेबलावर आणून ठेवलीस. मी एक मणी तोंडात घातला नाही. घडांना वास यायला लागला तेव्हा तू पेटी बाहेर नेऊन ठेवलीस.

माझ्या आईचं तुला वेगळं सांगायला नको. मी तिची एकुलती एक मुलगी, दातांची डॉक्टर, आणि आई येऊन सरळ तुझ्या खुर्चीत बसायची. "तुझा हात जड आहे गं," ती मला म्हणायची, "कल्पनाचा कळतसुद्धा नाही." मग मी मायक्रोस्कोप घेतला. तुझ्याकडे डोळ्याला लावायचं साधं भिंग आणि माझ्याकडे छतापासून टांगलेला मायक्रोस्कोप. पहिल्याच दिवशी एका दाढेत मला काही दिसेना म्हणून तुला हाक मारली. तू हात पुसत आलीस, वाकलीस, "अय्या, किती स्वच्छ दिसतं," म्हणालीस आणि टोचणीने एका जागी टेकवून दाखवलंस. तुझ्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. गर्व असता तर मला तुझा राग करता आला असता.

आणि मग तुझी दाढ दुखायला लागली. वरची, उजवी, पहिली.

स्वतःची दाढ स्वतःला करता येत नाही. एवढी एकच गोष्ट तुला जमण्यासारखी नव्हती. मला वाटलं तू पुण्याला जाशील, मुंबईला जाशील, तुझ्या ओळखी कमी नव्हत्या. तू माझ्या खुर्चीत येऊन बसलीस आणि ओढणी नीट करून म्हणालीस, "चल, काढ तुझा मायक्रोस्कोप." मला आनंद झाला, कल्पना. तुझा गाल सुजला होता आणि मला आनंद झाला.

तोंडात रबराचा पडदा लावल्यावर तुला बोलता येईना. दाढ उघडी, मी बोलते आहे आणि तू गप्प, असं आपल्या आयुष्यात एकदाच घडलं. एक कॅनाल सापडला, दुसरा सापडला, टाळूकडचा तिसरा तर भला मोठा. मी तुला सांगितलं. तू डोळे मिटूनच हात वर केलास आणि चार बोटं दाखवलीस. मी शोधत राहिले. रेघ होती, तिच्या टोकाला मी गेले. थेंब टाकला, वाट पाहिली. तू हात खाली घेतला नव्हतास, खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून चार बोटं तशीच. माझा घाम भिंगावर पडायला लागला. मी आणखी खोल गेले, थांबले, पुन्हा गेले. आता आणखी गेले तर जमीन फुटेल हे मला दिसत होतं. मी हात बाजूला घेतला. तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. मग चौथं बोट मिटलंस.

पडदा काढल्यावर तू चूळ भरलीस आणि म्हणालीस, "नसेल गं. भरून टाक. धातूचीच टोपी घाल, एवढी मागची दाढ कोण बघतंय."

नसेल. साऱ्या जगाला "नाही म्हणू नकोस" सांगणारी तू. मला त्या क्षणी इतका राग आला की तुला मोठ्याने विचारावंसं वाटलं, माझ्या जागी तू असतीस तर नसेल म्हणाली असतीस का? विचारलं नाही. तू मला दिलेली ती सूट मी घेतली, टोपी घातली आणि तेव्हापासून ती दाढ माझ्याच तोंडात असल्यासारखी ठसठसत राहिली. नंतर एकदा स्कॅन काढू या म्हटलं तर तू म्हणालीस, दुखत नाही त्याचा कसला फोटो काढायचा, आणि धातूच्या टोपीमुळे नीट येणारही नाही. हेही खरंच होतं. तुझं सगळं नेहमी खरंच असायचं.

मग मी तुझ्या जेवणावर पाळत ठेवली. क्लिनिकच्या मागच्या खोलीत आपण समोरासमोर बसायचो. भाकरी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे. तू डावीकडून चावायचीस. कधी ऊस आणला, कधी पेरू, कधी कडक बुंदीचा लाडू. डावीकडून. मी मुद्दाम फुटाणे आणून ठेवले, तू मूठभर घेतलेस आणि सगळे डाव्या गालात. उजव्या बाजूने कधी खात नाहीस, असं विचारायला मला कितीदा तरी शब्द सुचले आणि कितीदा तरी मी पाणी पिऊन ते गिळले. कारण तू "दुखतं गं थोडं" म्हणाली असतीस तर मला पुन्हा दाढ उघडावी लागली असती. आणि पुन्हा उघडूनही मला तीनच सापडले असते.

जे मी तुझ्यासमोर करू शकले नाही ते मी बाकीच्यांच्या तोंडात करायला लागले. जो पेशंट येईल त्याच्या वरच्या दाढेत मी चौथा शोधत बसायचे. सिन्नरच्या कारखान्यातला एखादा कामगार शिफ्ट सोडून यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, किती वेळ?" मी म्हणायचे, बसा. पहिल्यांदा सापडला तेव्हा मी काही बोलले नाही, पण मायक्रोस्कोपचा दिवा उगाचच दोनदा मालवून लावला. मग दुसरा सापडला, मग वरचेवर सापडायला लागले. एकदा भिंतीपलीकडून तू विचारलंस, "का गं, एवढी शांत का?" मी म्हटलं, काही नाही.

आणि मग तू गेलीस. सकाळी ओट्यापाशी चहा गाळताना छातीत कळ आली आणि गेलीस, अंथरुणाला न खिळता, कोणाला न बोलावता. मला याचाही हेवा वाटला, हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

परवा तुझ्या यादीतल्या एक बाई आल्या. त्यांची दाढ तू उघडून ठेवली होतीस, पुढचं मी करायचं होतं. त्यांना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसूनच रडल्या, मग आपणहून तोंड उघडलं. तू तीन शोधून ठेवले होतेस. मी वाकले, रेघेच्या टोकाला गेले, टोचणी किंचित अडकली. ती जी अडकते ना, ओल्या मातीत काडी अडकावी तशी. मी भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "सापडला." पलीकडे पंखा फिरत होता. मी तशीच थांबले, आणि त्या बाई उघड्या तोंडाने माझ्याकडे पाहत राहिल्या.

आता घाटावरचं पुढचं ऐक. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. कावळे होते, कठड्यावर ओळीने बसले होते, पण खाली यायला एकही तयार नव्हता. प्रकाशराव हात जोडून म्हणाले, लेकीची काळजी करू नकोस. कावळा हलला नाही. दीर म्हणाले, घर जसं ठेवलंस तसंच ठेवू. नाही. उन्हं चढायला लागली. सगळे एकमेकांकडे बघून, हिचं काय राहिलं असेल, असं कुजबुजत होते. मला माहीत होतं काय राहिलं आहे. ते माझ्या मुठीत होतं. पुढे होऊन कावळ्याला काय सांगणार होते मी, आधी बघते आणि मग सांगते?

तेवढ्यात तुझी धाकटी बहीण शोभा पुढे झाली. देवळ्याहून पहाटेच निघाली होती. तिने पिशवीतून गुडदाणीची पुडी काढली, एक खडा पत्रावळीवर ठेवला आणि मागे येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "आक्काला लय आवडायची. माहेरी आली का पुडी घेऊन बसायची अन् उजव्या दाढेखाली कडाकडा फोडायची."

मी म्हटलं, "डाव्या."

"उजव्या वो मॅडम. ती तं जलमाची उजवीकडूनच खाते." मग तिला एकदम काहीतरी आठवलं आणि रडता रडता तिला हसू आलं. "तुमच्यासमोर डावीकडून खायची ना? सांगायची आम्हाला. लय हसायची. म्हने, मधूला वाटू दे चौथा राहिला म्हणून. तोवर ती शोधत राहील."

कावळा कधी खाली आला मला कळलं नाही. लोकांचा गलबला झाला तेव्हा मी पाहिलं, तो गुडदाणीचा खडा चोचीत धरून उडाला होता. सगळे सुटल्यासारखे हसले. मी तिथेच पायरीवर बसले.

म्हणजे एवढी वर्षं तू माझ्यासमोर बसून खोटं खोटं चावत होतीस. ऊस, पेरू, माझे फुटाणे. मी पाणी पिऊन शब्द गिळते आहे हे बघत होतीस. तुझी गंमत देवळ्यात तुझ्या साऱ्या माहेराला माहीत होती, शोभाला माहीत होती, फक्त मला नव्हती. मला तुझा इतका राग आला की त्या रागातच मला रडू फुटेल असं वाटलं. आणि मला शोभाचाही हेवा वाटला, कारण तुझं उजवीकडचं हसणं तिने पाहिलं होतं. मला सापडलेला प्रत्येक चौथा कॅनाल तुझ्या डाव्या गालातल्या फुटाण्यांमुळे सापडला आहे. मला शिकवण्याची दुसरी कुठलीच रीत मी तुला ठेवली नव्हती, हेही मला त्या पायरीवर कळलं. तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं. तुला ते पक्कं ठाऊक होतं. माझ्या जबड्याची इतकी ओळख कोणाला नव्हती.

पण दाढेचा प्रश्न तसाच राहिला. दुखत नव्हती, एवढंच शोभाने सांगितलं. दुखत नाही म्हणजे नाही असं नाही. हे तुझंच म्हणणं.

प्रकाशराव आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, बाकी सगळं सोडलं. तेवढंच राहिलंय." मी उठले, शेवटच्या पायरीपर्यंत गेले आणि पाण्याजवळ मूठ उघडली. ऊन थेट हातावर पडलं होतं. दिवा हवा तसा आणि हवा तिथून. मी दाढ चिमटीत धरली, चिरलेलं मूळ वर केलं आणि नख त्या भेगेत घातलं. मला पाहायचं होतं. मी काही मोठ्या मनाची बाई नाही, मला पाहायचंच होतं. मूळ उघडलं, दोन फाका झाल्या आणि त्याच वेळी माझे डोळे इतके भरून आले की समोरचं सगळं पाणी झालं, नदी, हात, दाढ. मी डोळे पुसले, पुन्हा भरले. पुन्हा पुसले. मागून कोणीतरी माझा दंड धरला, ती शोभा असावी. बोटं सैल झाली आणि हातात काही उरलं नाही.

तू माझ्या जागी असतीस तर आधी नीट पाहिलं असतंस, "सापडला" किंवा "नाही सापडला" म्हणाली असतीस, आणि मग माझ्यासाठी रडली असतीस. मला आधी रडू आलं. कल्पना, अजूनही माझा हात तुझ्याएवढा स्थिर नाही, आणि अजूनही मला तुझा तेवढाच हेवा वाटतो.